माझ्या गाण्याला माझेच दहा रुपये

१५ एप्रिल, आर्णी. संध्याकाळ.

ते दहा रुपये कालपासून डोक्यातून जात नाहीत. जयंतीच्या कार्यक्रमात गायकानं मी लिहिलेलं भीमगीत म्हटलं. लोक उठून पेटीवर नोटा ठेवत होते. शेवटच्या कडव्यात माझं नाव होतं, ते कडवंच त्यानं गायलं नाही. विसरला, की गाळलं?

बायको, सुनंदा, चूल फुंकता फुंकता म्हणाली, "गाणाऱ्याले भेटते, पेटीवाल्याले भेटते, मंग लिहिणाऱ्याले काहून नाही?"

मी म्हटलं, "बाबासाहेबाचं गाणं विकाचं नसते."

"मंग त्यानं कायले घेतले?"

मी गाण्यांची वही पुढ्यात ओढली. दिवसभर जिनिंगमध्ये कापूस ओढून अंगात जीव उरत नसे, म्हणून एका गाण्याला अख्खा हिवाळा लागला, असं मी सगळ्यांना सांगतो. यंदा कापसाला भाव नाही, जिनिंग लवकरच बंद पडलं. आता वेळच वेळ आहे आणि ओळ सुचत नाही. म्हणजे थकवा नव्हताच? माझी धाव एवढीच? पैसे मिळाले असते तर सुचलं असतं?

आणि ते दहा रुपये. गाणं ऐकता ऐकता माझेच डोळे भरून आले, मीही उठून पेटीवर नोट ठेवली. तेव्हा गायकानं माइकवर माझं पूर्ण नाव घेतलं, "यांच्याकडून दहा रुपये." लोकांनी टाळ्या वाजवल्या.