जपून ठेवलेला पंप

मंगळवार, मेहरूण

दोनदा अंघोळ केली, तरी नाकातला वास जात नाही.

सकाळी सांडपाण्याच्या पंपिंग स्टेशनवर जुना पंप चिंध्या अडकून बंद पडला. तसं नेहमीचंच, म्हणून तर शेजारी दुसरा नवा बसवलाय. त्याचं बटण दाबलं, तर नुसती मोटर घुमली, पंप फिरेना. बाहेरून निळा रंग चकचकीत, आत बेअरिंग गंजून जाम! तोवर सांडपाणी साठवायची विहीर भरली आणि खालच्या गल्लीत लोकांच्या न्हाणीघरांतून मैलापाणी वर आलं. एक बाई मला वाट्टेल ते बोलली. बरोबरच बोलली.

ऑपरेटर आबांवर मी ओरडले. दोन्ही पंप आठवड्याआड आलटूनपालटून चालवायचे, कितीदा सांगितलंय! तर म्हणाले, "नवा शे ना मॅडम, म्हनीसन जपी ठेवा." नवा म्हणून जपून ठेवला म्हणे! शेवटी दुपारी जुनाच चालू झाला. तोच बिचारा.

घरी येऊन आईला उठवून बसवलं, भरवलं, औषधं दिली. कंबर मोडून गेलीय. धाकट्या भावाला धुळ्याहून बोलावते म्हटलं, तर आईचं ठरलेलं, "त्याले कसाले तरास?" आणि मीही आजवर ऐकत आलेच ना? तो निळा रंग काही डोळ्यांपुढून जाईना.

आत्ता त्याला फोन केला. म्हटलं, शनिवारी आईला आणून सोडते, आठवडाभर तू सांभाळ. तो म्हणाला, "अक्का, आईला चहात साखर किती लागते?"

आईची साखर बंद होऊन कितीतरी वर्षं झाली.