चुकायची जागा

अण्णा, काल तुमच्या फोटोला हार घातला. मी नाही, गावाने. वाचनालयाच्या हॉलमध्ये तुमचा गौरव होता, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाल्यावर. वक्ते म्हणाले, पनवेलच्या आसपास गावोगाव पेटीचे सूर पोचले ते या एका माणसामुळे. त्यांनी धंदा केला नाही, संगीताची सेवा केली. टाळ्या झाल्या. मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं आणि मी बोलले, लेकीने बोलावं तसंच. घरी आल्यावर मात्र अंगाची नुसती आग झाली. सेवा म्हणे! तुम्ही असतात तर तुम्हालाच हसू आलं असतं. तुम्ही पक्के दुकानदार होतात आणि ते तुम्ही कधी लपवलंही नाही. काल जे बोलता आलं नाही ते म्हणूनच तुम्हाला लिहिते आहे.

भात झोडून झालं, लोकांच्या हातात जरा पैसा आला, की तुम्ही देवळाच्या सभामंडपात मैफल ठेवायचात. मुंबईहून एखादे बुवा आणायचे, तिकीट नाही, चहा फुकट. लोकांना वाटायचं, काय दिलदार माणूस! तुमचं गणित वेगळं होतं. पुढे सतरंजीवर पळस्पे, कळंबोली, उलवे इथली भजनी मंडळं बसवायची आणि वकील-डॉक्टरांना मागे खुर्च्या द्यायच्या. कुणी रुसलं तर खुशाल रुसू दे. "खुर्चीवाले माना डोलावतात आणि घरी जातात. पेटी घेतात ते सतरंजीवाले," असं तुम्ही आईला सांगायचात. मध्यंतरातला चहा मुद्दाम मंडपाच्या कडेला, जिथे दुकानातल्या नव्या पेट्या झाकणं उघडून मांडलेल्या असत. किंमत आपणहून सांगायची नाही. कुणी भाता ओढून पाहिला, पट्टीवर बोट ठेवलं, तर हटकायचं नाही. आणि बुवांच्या आधी, सगळ्यांत पहिली, मी. परकर-पोलक्यातली तुमची मुलगी सगळ्यांना पाठ असलेला एक अभंग पेटीवर वाजवणार. मी वाजवलेली पेटी दुसऱ्या दिवशी दुकानात पुढे मांडली जायची आणि "ही कालची पेटी" म्हणून सर्वांत आधी खपायची. मग मला पुन्हा नवी, ताठर पट्ट्यांची. हात बसलेली पेटी माझ्याकडे कधी राहिलीच नाही.

पहिल्या वर्षी मी खरीच चुकले होते. अभंगात सूर वर चढतो तिथे बोट शेजारच्या पट्टीवर पडलं, सगळा मंडप कळवळला आणि मी घाबरून हसले. घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले. सकाळी तुम्ही दुकान उघडता उघडता मिठागरावरचा एक माणूस दारात हजर. "शेट, ती पोर चुकली ना, तवा माज्या मनात आला, आपल्यालाबी जमंल. नायतर आमी म्हनायचो, पेटी म्हंजे शिकल्या-सवरल्याचा काम हाय." त्याने पेटी डोक्यावर घेतली आणि गेला. तुम्ही गल्ल्यापाशी बसून त्याचे पैसे पुन्हा पुन्हा मोजत होतात. मी आतून पाहत होते, तुमच्या डोक्यात काहीतरी शिजत होतं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात आई भाकऱ्या थापते आहे, मी पाटावर बसले आहे, आणि तुम्ही दारात उभे राहून म्हणता, "पुढच्या मैफलीत तिथेच चुकायचं. आणि हसायचं." मला थट्टा वाटली. आई म्हणाली, "अहो, पोरीला चुकायला काय शिकवता?" तुम्ही म्हणालात, "तू भाकरी बघ, करपतेय." थट्टा नव्हती ती. तुम्ही समोर बसून माझ्याकडून ती चूक घोटून घेतलीत. मी चुकायची आणि तुम्ही म्हणायचात, "खोटी वाटते. परत." बाकीच्या मुली शुद्ध वाजवण्यासाठी बोलणी खातात, मी नीट चुकले नाही म्हणून खाल्ली. चूक जमली की मात्र तुम्ही मान हलवायचात, अगदी थोडीशी. मैफलीतही तुम्ही कोपऱ्यातल्या खांबाला टेकून उभे असायचात आणि ती जागा आली की मान हलवायचात. एरवी मी काय वाजवलं, कसं वाजवलं, याबद्दल तुम्ही कधी चकार शब्द काढला नाही. सतरंजीवरचे लोक एकमेकांना म्हणायचे, "येवरी पोर चुकतमाकत वाजवतंय, तं आमी नाय वाजवनार?" आणि पेट्या जायच्या.

मग एका वर्षी ते बुवा आले, सर्वांत मोठ्या नावाचे. आदल्या दिवशी एस.टी.ने आपल्याकडे मुक्कामाला. सकाळी ते अंघोळीला गेलेत असं समजून मी माजघरात माझं माझं वाजवत बसले होते, तुमचा अभंग नव्हे, ऐकून ऐकून उचललेलं काहीबाही. मान वर केली तर बुवा दारात उभे, खांद्यावर ओला पंचा. "कुणाकडे शिकतेस?" मी म्हटलं, कुणाकडेच नाही. तेव्हा ते तुम्हाला म्हणाले, "संध्याकाळी चारचौघांत कशी वाजवते ते ऐकतो. मनाला आलं तर बरोबर नेईन. माझ्या मुलींबरोबर राहील, शिकेल." आईने त्याच दुपारी माझे कपडे पिशवीत भरले. मी तुमच्याकडे आले. तुम्ही पेटीचा भाता पुसत होतात. मी विचारलं, "आज नको ना चुकायला?" तुम्ही वर पाहिलंत आणि म्हणालात, "आज नीट वाजव." अण्णा, तेवढ्या एका वाक्यासाठी मी तुम्हाला सगळं माफ केलं होतं.

आणि मी चुकले. ठरवून नाही. ती जागा आली आणि बोट आपणहून शेजारच्या पट्टीवर गेलं, चेहरा आपणहून हसला. तुमचं काम चोख होतं. मी खांबाकडे पाहिलं तर सवयीने तुमचीही मान हलली होती.

मध्यंतरात पेट्यांपाशी चहा चालू होता. पळस्प्याचं मंडळ तिथेच होतं, त्यांच्यातल्या एकाचा हात भात्यावर. बुवा कपबशी घेऊन तुमच्याजवळ आले. मी तुमच्या मागेच उभी होते. ते म्हणाले, "सकाळी वाटलं होतं. पण चारचौघांत चुकते आणि वर हसते. चुकल्याचं वाईटच वाटत नाही तिला. अशा मुलीला मी काय शिकवू?" मी तुमच्याकडे पाहिलं. एक वाक्य हवं होतं, अण्णा. बुवा, ही चूक माझी आहे, मीच तिला शिकवली. बास. पण ते वाक्य पळस्प्याच्या लोकांनीही ऐकलं असतं. तुम्ही त्यांच्याकडे पाहिलंत, मग भात्यावरच्या त्या हाताकडे, आणि बुवांना म्हणालात, "हो बुवा. लहान आहे अजून."

सकाळी बुवा निघून गेले. थोड्याच वेळात पळस्प्याची माणसं आली आणि कालची पेटी घेऊन गेली. आईने पिशवीतले कपडे एकेक करून बाहेर काढले, हाताने सारखे केले आणि पुन्हा ट्रंकेत ठेवले. तुम्ही दुपारी बाजारातून माझ्यासाठी परकराचं कापड आणलंत, जांभळं, काठाचं. मी ते शिवू दिलं नाही. तुम्ही का म्हणून विचारलं नाहीत, कारण तुम्हाला ठाऊक होतं. निदान रागावायचं तरी होतंत.

पुढे लग्न झालं, सासरी पेटी नव्हती, मुलं मोठी झाल्यावर मी माझी माझी घेतली. ती विकायची नाही, एवढंच तिचं कौतुक. काल ते वक्ते सेवा सेवा म्हणत होते तेव्हा मला उठून सांगावंसं वाटत होतं की त्या गावोगावच्या सुरांची किंमत कुणी मोजली ते मला विचारा. सांगितलं नाही. भजनं खरंच झाली त्या पेट्यांवर, अजून होतात, आणि त्या लोकांचा काय दोष? दोष तुमचा. मेलेल्या माणसाला दोष देऊ नये म्हणतात, पण जिवंतपणी तुम्ही ऐकून घ्यायला उभे तरी कुठे राहिलात?

हे पत्र फोटोच्या मागे सरकवावं असं मघाशी वाटलं. नको. पेटीच्या झाकणाखाली राहील, तिथे कुणी हात घालत नाही. जाता जाता एक मात्र कबूल करते. तो अभंग मी अजून वाजवते, घरात कुणी नसताना, आणि त्या जागी अजून चुकते. थोडी मेहनत घेतली तर ती जागा साफ होईल, इतकं मला कळतं. मी घेत नाही. ती साफ झाली तर तुम्ही मान कुठे हलवाल?