अपील कोणी केलं होतं?

प्रिय रोशन,

प्रिय लिहायची सवय आहे म्हणून लिहिलं, लाडात येऊ नको. आणि आज मी तुले तूच म्हणणार आहे. कॉलेजच्या मैदानावर तूच म्हणत होती. तुझ्या घरी चार लोकांत त्याचं 'तुम्ही' झालं, ते वडनेरले माहेरी येताना तिथंच ठेवून आली.

नाचणगावची सॉफ्टबॉलची फायनल होऊन पंधरवडा झाला, तरी लोक म्हणून राह्यले, वडनेरच्या जावयानं वडनेरलेच हरवलं. मले हरल्याचं काही नाई. पण माझा भाऊ आउट नव्हता. धावताना हर्षितचा पाय दुसऱ्या बेसले लागला नाई, हे खरं आहे. ते त्याच्या ध्यानात आलं, म्हणून तर तो तिसऱ्याच्या अलीकडून मागं फिरला. बॉल अजून खेळात होता. अशा वेळी सुटलेल्या बेसले परत जाऊन पाय लावायचा रनरले हक्क असतो, अन् समोरची टीम अपील करत नाई तोवर अंपायरनं मुकाट उभं राहायचं असतं. हा नियम मले तूच शिकवला ना, बाबा? समोरच्या, जामच्या पोरांनी तर पाहिलंही नव्हतं. तुझा सख्खा साळा बेसजवळ पोचतच होता अन् अंपायर म्हणून तुझा आउटचा हात वर. मॅच खतम. जिल्ह्याच्या टीमसाठी त्याचं नाव घेणार होते, तेही गेलं. आता तो मैदानाकडं फिरकत नाई.

काऊन केलं, ते मले ठाऊक आहे. जावयानं साळ्याची बाजू घेतली असं कोणी म्हणू नये म्हणून. घरीही तुझं हेच. भाजीत मीठ जास्त झालं तर तुझ्या आई निमूट जेवल्या, तू मात्र सगळ्यांसमोर ताट सरकवलं. तुझ्या बहिणीच्या, छायाताईंच्या साखरपुड्यात चहाले उशीर झाला. पाहुण्यांपैकी कोणी विचारलंही नाई, तू माझं नाव घेऊन मोकळा. बायकोच्या ताटाखालचं मांजर म्हणतील याची तुले एवढी धास्ती, की आपल्या माणसाले तू पहिले गुन्हेगार ठरवतो. वरून लोक म्हणतात, रोशन मोठा सरळ माणूस. त्या सरळपणाची मले चीड येते. चूक सुधारायले दोन मिनिटं तरी द्यायची ना कोणाले.

तू फोनवर म्हणाला, झालं गेलं विसर, रविवारी न्यायले येतो. तेव्हा मी गप्प राह्यली. बोलली असती तर रडू आलं असतं, अन् तुले वाटलं असतं, विरघळली. म्हणून लिहून राह्यली. येऊ नको. इथल्या शाळेत खेळ शिकवायचं काम मिळालं आहे, सोमवारपासून जाणार. तुझ्या आईले मी स्वतः फोन करून सांगितलं. मले वाटलं, रागावतील. त्या म्हणाल्या, त्याच्या बापापाशी मी जन्म काढला, बेटा, तू नको काढू.

अजून तरी तुझीच,
जया