कोरा समास

तीर्थरूप बाबा,

इथूनच तुमच्या पायांवर डोकं ठेवते. मी मजेत आहे. हॉटेलच्या चादरी शिवते आणि जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याच गठ्ठ्यावर बसून तुम्ही पाठवलेली पुस्तकं वाचते.

ती खलाशाची कादंबरी मला मुळीच आवडली नाही. पानंच्या पानं नुसतं पाणी! समासात तुम्ही नेहमीसारखं पेन्सिलीने ‘वा!’ लिहिलंय, त्याखाली मी ‘कसलं वा?’ लिहून ठेवलंय. सुईणीची गोष्ट मात्र झकास. बाई गावात कुणाला भीक घालत नाही, म्हणून मला पटली.

पण याच पुस्तकात तुमचं अक्षर मोठं मोठं होत छापील ओळींवर चढलंय, आणि अर्ध्यानंतर समास कोराच आहे. लेखकाशी भांडल्याशिवाय तुम्ही कधी पान उलटलंय का? डोळे दाखवलेत? आईला विचारलं तर ती पाऊसपाण्याचं सांगत बसते.

उरलेलं अर्धं पुस्तक मी मोठ्याने वाचून, रेकॉर्ड करून फोनवर पाठवतेय. आईला लावून द्यायला सांगा. मध्येमध्ये मी मुद्दाम थांबलेय, ती जागा तुमच्या भांडणाची; तेही आईने तसंच रेकॉर्ड करून मला पाठवावं. तुम्ही बोला बाबा, समासात मी लिहीन.

तुमची,
तुमच्यावरच गेलेली लेक