राखलेली सात झाडं

नाशिक,
१४ मे २००३

ती. दादास,
संध्याचा नमस्कार.

मी इथे बरी आहे. खोलीवर पाणी एक दिवसाआड येतं, घरमालकीणबाईंचा पारा मात्र रोज चढतो. वहिनीचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, मोहट्याचं तेल चोळून झालं असेल तर आता डॉक्टरालाही थोडा मान दे. धाकटीचा निकाल लागला का? गणितात सुटली असेल तर आपल्या घराण्यातली पहिलीच म्हणायची.

कॉलेजात सध्या सुट्टी आहे, पण वनखात्यासाठीच्या आमच्या पक्षीगणतीच्या कामाला कसली सुट्टी! उन्हातून हिंडून मी इतकी काळवंडलेय की मला बघून वहिनी आधी हसेल आणि मग ताकाचा तांब्या पुढे करेल.

निवृत्ती कंडक्टरानं तुझा निरोप दिला. तुझ्याच सुरात दिला त्यानं: "तुझा दादा इचारतोय, साहेबाला अभिप्राय दिला का नाय?" त्याचंच उत्तर द्यायला बसलेय. पण जरा क्रमानं सांगू दे. मधलंच एखादं वाक्य वाचून कागद चुलीत घालायची तुझी सवय मला ठाऊक आहे.

दिवाळीत मी घरी आले होते ते आठव. खात्यानं आपल्या जंगल कामगार सोसायटीला खालचा कूप, रानाचा तो पट्टा, तोडायला दिला होता आणि मी तुझ्या मागे भुणभुण लावली होती, की पोकळ झाडं, वाळकी झाडं पाडू नका, त्यांच्या ढोलीत घरटी असतात. तू चेअरमन, तुला शंभर व्याप. तू म्हणालास, "अशी मोघम भुणभुण नको. कोन्ती झाडं ती दाखव." मी सात दाखवली. ऐन, कळंब, बेहडा, आणि ओढ्यावरचं ते म्हातारं हेद. तोडीच्या कामात अशी झाडं सगळ्यांत आधी जातात, सरपणापलीकडे त्यांचा उपयोग नसतो. तू ती राखलीस.

नुसती राखली नाहीस. तोडीवरचा भिकन सांगत होता, बेहड्याशेजारचा साग पाडताना तू स्वतः दोर धरून उभा होतास, फांदी ढोलीवर येऊ नये म्हणून. माणसं हसली तर तू त्यांना म्हणालास, "बहिनीचं माहेर हाय ते, जपून!" दादा, हे ऐकून मी पेठच्या स्टँडवर चार लोकांत रडले. भिकन बिचारा घाबरून गेला, त्याला वाटलं आपलंच काही चुकलं.

मार्चअखेरीस तू मला आणि रेंजर साहेबांना कूप दाखवायला नेलंस. सातही झाडं उभी होती, आजूबाजूला स्वच्छ मोकळं. तू म्हणालास, "मोजून घे, बोट लावलं नाय." साहेबांनी माझी गणती मागितली. तोडीआधीपेक्षा पक्षी जास्त भरले होते. साहेब खूष! "पाखरं वाढली की हो! आता वरच्या खोऱ्यातही हाच नमुना. घरट्याची झाडं सोडायची, बाकी साफ. मॅडम, तुमचा लेखी अभिप्राय द्या म्हणजे झालं." तुझी छाती फुगली होती आणि मी मान डोलावली. त्या क्षणी तुझ्या तोंडावरचा आनंद पुसायची माझ्यात हिंमत नव्हती, खरं सांगते.

पक्षी वाढले होते हे खरंच आहे. पण कोणते? होले, मुनिया, वेडे राघू, कोतवाल. उघड्या माळाचे, बांधावरचे, तारांवर बसणारे. ते पेठच्या एसटी स्टँडवरही भेटतात. जे रानाचे होते, सावलीतले, पानांच्या थरात किडे शोधणारे, एका फांदीवरून दुसरीवर जायला सलग झाडोरा लागणारे, ते निघून गेले होते. ती निळी चिमुकली नीलिमा एकही दिसली नाही. स्वर्गीय नर्तक नाही. लग्नाच्या मांडवात पाहुणे चिकार झाले आणि घरचीच माणसं उठून गेली, असा तो प्रकार होता. साहेबांनी पंगत मोजली.

आणि धनेश. ओढ्यावरच्या हेदाच्या ढोलीत मादी बसली होती. तुला माहीत आहे ना, ती आत शिरून दार लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते आणि पिलं मोठी होईपर्यंत नर तिला भरवतो. उडायची पिसंसुद्धा आत गळून जातात तिची. म्हणजे सगळा भरवसा त्या एका नरावर. ते लिंपलेलं दार बघून मला वाटलं, दादा जिंकला.

एप्रिलमध्ये मी पुन्हा गेले, एकटीच. घरी आले नाही. वहिनीला सांगू नकोस, ती मनाला लावून घेईल. हेद भर उन्हात उभं होतं. ओढ्याकाठचे उंबर गेले होते, ते तोडीतच होते आणि मी तुला उंबरांबद्दल काही बोललेही नव्हते. मला घरट्याचीच झाडं सुचली, खायची सुचलीच नाहीत. नराला फळासाठी पार वरच्या खोऱ्यात जावं लागत होतं. येताना उघड्यावरून यायचं, कावळे मागे लागलेले. सकाळी बराच वेळ बसले तेव्हा तो एकदा आला. नंतरच्या खेपेला दार फुटलेलं होतं. आतून फोडलेलं. उपाशी मादी पुरती पिसं आली नसताना बाहेर पडली असणार. ढोलीखाली अंड्याचं कवच होतं, मुंग्या लागलेलं.

तू शब्द पाळलास, दादा. शब्दच अपुरा होता. मी तुझ्याकडे झाडं मागितली, रान मागायला हवं होतं.

हे तुला महिनाभर सांगितलं नाही, कारण हे सांगितलं की पुढचंही सांगावं लागणार होतं. वरच्या खोऱ्याची तोड म्हणजे काय ते मला शिकवू नकोस. एक हिवाळाभर घरोघर काम. तोड नसेल त्या वर्षी दिवाळी झाली की पाड्याला कुलपं लागतात आणि सगळी दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत जातात. शेजारची अक्काबाई मागच्या साली तिथून आली ती खोकला घेऊनच. माझं कॉलेजही त्या सोसायटीवरच झालं, लाकूड तोडूनच तू मला पाखरं मोजायला धाडलंस. इकडे आड, तिकडे विहीर. मी तुझ्या बाजूनं खूप विचार केला. रात्री असं वाटायचं की द्यावा होकार, चार पाखरांनी काय होतंय. सकाळी दुर्बीण हातात घेतली की लाज वाटायची.

पण आता ऐक. खालच्या कुपातून उठलेली पाखरं वरच्या खोऱ्यात गेली आहेत. मी बघून आले. तो नरही तिथेच फिरतो आणि बरोबर मादी आहे, तीच असावी असं माझं मन म्हणतं, पण ते मी कागदावर लिहिणार नाही. वरचं खोरंही सात झाडं राखून साफ केलं, तर त्यांना जायला पुढे काही नाही. पुढे गुजरातची हद्द आणि नुसते बोडके डोंगर.

मी अभिप्राय सोमवारी देऊन आले. नकार दिलाय.

पूर्ण नकार नाही, पण तुझ्या दृष्टीनं तसाच. ओढ्याच्या दोन्ही काठांना कुऱ्हाड नको, उंबर तोडू नयेत, बाकीचं खोरं एकदम न तोडता तुकड्यातुकड्यानं, बऱ्याच वर्षांत, असं लिहिलंय. खालचा कूप नमुना म्हणून वापरू नये, तिथलं घरटं मोडलं, हेही लिहिलंय. साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, "चेअरमन तुमचे सख्खे बंधू ना?" मी हो म्हटलं. यंदाच्या हिवाळ्यात सोसायटीला चौथाईही काम मिळणार नाही.

तू काय म्हणशील ते मी मनात शंभरदा ऐकलंय. "पाखरांचं पोट दिसलं, मानसांचं नाय दिसलं?" दिसलं रे. दोन्ही दिसली, म्हणूनच महिना गेला. तुकड्यांची तोड निदान धाकटीच्या लग्नानंतरही चालू राहील, हे मला पटतंय. पण ज्यांना या नोव्हेंबरात चूल पेटवायचीय त्यांना मी हे कोणत्या तोंडानं सांगू?

हे पत्र निवृत्तीच्या हातीच देतेय, कारण रविवारी सोसायटीची मीटिंग आहे असं तो म्हणाला आणि पोस्टानं ते नंतर पोचेल. मीटिंगमध्ये सगळे तुलाच विचारतील. तू मला झाकायला जाशील, मला माहीत आहे. "साहेबानं अडवलं" म्हणशील आणि गाव साहेबाला चार शिव्या देऊन घरी जाईल. तसं करू नकोस. साहेबाला शिव्या देणं सोपं आहे, आणि खोटं आहे. उभा राहा आणि सांग, माझ्या बहिणीनं अडवलं.

मी शनिवारच्या शेवटच्या पेठ गाडीनं येतेय. तू नाव घेशील तेव्हा मी तिथेच असेन. पुढे बसू की मागे बायांत, ते तू सांगशील तसं. घरी झोपू की अक्काबाईकडे, तेही.

तुझी म्हणवून घ्यायची अजून तरी सवय असलेली,
संध्या