जर्मन गाडीत अश्विनीची पाठवणी

४ ऑक्टोबर, शनिवार

ठरलं. गाडी घ्यायची. जर्मन. दसऱ्याचा मुहूर्त परवाच हुकला, पण जर्मन लोक मुहूर्त पाहत नाहीत.

कारण असं. माझ्या धाकट्या भावाच्या, गोविंदाच्या, अश्विनीचं लग्न जमलं. मुलगा मेहकरचा. ही बातमी मला गोविंदाने सांगितली नाही. शंकरराव मास्तर दुकानात तुरीवरचं औषध घ्यायला आले, त्यांनी सांगितली. सख्ख्या पुतणीचं लग्न मोठ्या बाबाला गिऱ्हाइकाकडून कळावं! आईच्या तेरवीपासून गोविंदा माझ्याशी बोलत नाही. तेव्हा मी चारचौघांत एवढंच म्हणालो होतो की हा सगळा खर्च एकट्या गोपालचा, म्हणजे माझा, आहे. खोटं होतं का? मी फक्त माहिती दिली.

आता विचार असा. लग्न म्हटलं की पाठवणीला गाडी लागते. नवरी बसून शोभेल अशी गाडी अख्ख्या अमडापुरात कुणाकडे नाही. ती माझ्याकडे असली तर गोविंदाला माझ्या दारात यावंच लागेल. दादा, गाडी दे, म्हणेल. मी लगेच हो म्हणणार नाही. थोडं थांबेन, चष्मा पुसेन. मग चावी देईन. भांडण खलास.

म्हणजे हा खर्च नाहीच. हे घरचं कार्य आहे.

९ ऑक्टोबर, गुरुवार

मोबाइलवर गाडी सापडली. पुण्याच्या डीलरकडे आहे. काळी, लांब, आठ वर्षं वापरलेली. सहा सिलिंडर, दोन टर्बो. शून्यावरून शंभरावर साडेचार सेकंदांत जाते. बायकोने, पुष्पांजलीने, विचारलं, अमडापूर-चिखली रस्त्यावर शंभर कुठं मारणार हायेत तुम्ही? बायकांना हे कळत नाही. ताकद वापरायची नसते, असायला लागते.

डीलर फार नम्र माणूस. दर वाक्याला सर म्हणतो. पहिले मालक डॉक्टर होते, गाडी फक्त रविवारी काढायचे. तो मला ओळखतही नाही, मग खोटं कशाला बोलेल?

पुष्पाला गाडीची किंमत सांगितलेली नाही. चिखलीचा प्लॉट विकतोय हे सांगितलंय. दोन्हींचा संबंध तिने लावलेला नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

लावला.

१६ ऑक्टोबर, गुरुवार. पुणे

मास्तर म्हणाले होते, जाणकार माणूस सोबत न्या. मी नारळ आणि लिंबू-मिरची नेली. माणसाला जायचं-यायचं भाडं लागतं.

गाडी नीट तपासून घेतली. चारही दारं लावून पाहिली. आवाज असा येतो की दार लावतच राहावंसं वाटतं. सीटवर बसलो, मागे टेकलो, डोळे मिटले. खाली वाकून पाहिलं नाही, पांढरा शर्ट घातला होता. डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागतो. डीलर म्हणाला, सर, जर्मन गाडी आहे, ती स्वतःची काळजी स्वतः करते, दिवा म्हणजे तिची काळजी. पटलं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आणली. जालन्यापर्यंत पाण्यासारखी आली. पुढे गतिरोधक सुरू झाले. गाडीचं पोट जमिनीला फार जवळ आहे. आमच्या फाट्यावरच्या गतिरोधकावर असा आवाज झाला की हॉटेलातली माणसं कप घेऊन बाहेर आली. एकाने विचारलं, काऊन हो भाऊ, काही पडलं का? मी काच वर केली.

घरी न जाता आधी गोविंदाच्या गल्लीतून नेली. दोनदा. गोविंदा दारात वांग्याचे क्रेट भरत होता. मान वर केली नाही. या गाडीचा आवाज शेजारच्या गावात जातो. म्हणजे मान मुद्दाम वर केली नाही. म्हणजे गाडी पाहिली. सुरुवात चांगली आहे.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

पुष्पाला माहेरी नेलं. प्रत्येक गतिरोधकाला तिला खाली उतरवलं, वजन कमी झालं की पोट घासत नाही. ती उतरायची, गतिरोधक पायी ओलांडायची, पुढे जाऊन बसायची. चौथ्या वेळी म्हणाली, मी भाऊबीजेले गाडीत जाऊन राह्यली का पायी? माहेरी पोहोचल्यावर हेच सगळ्यांना सांगितलं. तिचा भाऊ आत जाऊन हसला. मला ऐकू आलं.

नियम: येत्या सोमवारपासून तिरकी गाडी चालवायचा सराव. एकेक चाक चढवायचं.

१ नोव्हेंबर, शनिवार

पिवळ्या दिव्याला सोबत मिळाली. आता दोन आहेत. गाडी मधेच दम टाकते, चाळीसच्या वर जात नाही. बंद करून पुन्हा चालू केली की विसरते.

चिखलीला रवी मेकॅनिककडे नेली. त्याने बॉनेट उघडलं, बराच वेळ पाहिलं, हळूच लावलं. म्हणाला, काका, हिच्यात हात घालाले मले भेव वाटते. प्रामाणिक मुलगा. संभाजीनगरच्या सेंटरला फोन केला. ते म्हणाले, आणून दाखवा, पार्ट बाहेरून मागवावा लागेल, डिसेंबर उजाडेल. बाहेरून म्हणजे कुठून, विचारलं. जर्मनीहून.

दिवसभर दुकानात आलेल्या सगळ्यांना सांगितलं की माझा पार्ट जर्मनीहून येऊन राहिला. गोविंदाच्या कानावर जाईलच.

८ नोव्हेंबर, शनिवार

गोविंदा आला नाही.

गाडी रोज धुतो, तोंड रस्त्याकडे करून लावतो. शंकरराव मास्तर सांगत होते, लग्न तीस तारखेला मेहकरलाच आहे, गोविंदाने वऱ्हाडासाठी ट्रॅव्हल्स ठरवली. पाठवणीच्या गाडीचं काही बोलला नाही. म्हणजे जागा रिकामी ठेवली आहे. माझ्यासाठीच.

आज तो दुकानासमोरून सायकल हातात धरून चालत गेला. केस पांढरे झालेत त्याचे. हे मला कधी दिसलं नव्हतं. आधी राग आला. मग एकाच गिऱ्हाइकाला सुटे पैसे दोनदा दिले. पुष्पा म्हणाली, तुम्हीच जा ना त्याच्या घरी, भाऊच तं हाये. मी म्हणालो, मोठा मी आहे. ती म्हणाली, म्हणूनच म्हणून राह्यली.

तिला घरातल्या मानाचं काही कळत नाही. झोप येत नाही हल्ली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आला! जोडीने आला. पत्रिका, अक्षता, कुंकू. गाडी दारात आडवी होती, तर दोघं भिंतीला घासून आत आले.

मी खुर्चीत बसून राहिलो. चष्मा तयार होता. पुष्पाने चहा केला. मग गोविंदा खाली पाहत म्हणाला, दादा, अश्विनीले मामा नाई, तुले माहीतच हाये. मंगलाष्टकाले पोरीच्या मांगं कोणी तरी आपलं उभं राह्यलं पाह्यजे. तू राह्य.

मी म्हणालो, राहीन. आणि गाडी? तो म्हणाला, गाडी नको दादा, पाठवणीले त्यायची गाडी हाये. तू ये फक्त. मग म्हणाला, टायमावर येजो, मेहकरवाले टायमाचे पक्के हायेत, साडेअकरा म्हंजे साडेअकरा.

त्याचा आवाज बसला होता. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. चहात आलं जास्त पडलं होतं.

रात्री नीट विचार केला. गाडी नको म्हणाला, तो संकोच. लहानपणीही लाडू नको म्हणायचा आणि ताटाकडे पाहत बसायचा. मी गाडी सजवूनच नेणार. मांडवासमोर उभी करणार. पोरीने ती गाडी पाहिल्यावर मेहकरवाल्यांच्या गाडीत ती बसेल का?

आणि साडेअकराचं ऐकून हसू आलं. या जिल्ह्यात आजवर एक तरी लग्न टायमावर लागलंय? साडेअकरा लिहितात, नवरदेव मारुतीच्या पारापासून नाचत नाचत दोनला येतो, मग त्याचे मित्र येतात. मी बावन्न वर्षांचा आहे. गरम पंगत मला आठवत नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

चिखलीहून हार आणले. गुलाब, शेवंती. बॉनेटवर मोठा गुच्छ. दिवे आता तीन झालेत, पण हारांमुळे लक्ष जात नाही.

पुष्पाशी वाद झाला. तिचं म्हणणं, सगळ्यांसोबत सकाळी सातच्या ट्रॅव्हल्सने चला. मी म्हणालो, मामाच्या जागी उभा राहणारा माणूस ट्रॅव्हल्समधून उतरणार? हातात डबा घेऊन? ती म्हणाली, त्यानं तुम्हाले बोलावलं, गाडीले नाई. मग ती एकटीच ट्रॅव्हल्सने जायचं ठरलं. तिला गतिरोधक ओलांडायचा कंटाळा आला असेल.

माझा कार्यक्रम: दहाला निघणे, आरामात जाणे, बाराच्या आसपास पोहोचणे, नवरदेवाची वाट पाहणे.

३० नोव्हेंबर, रविवार. सकाळी

फेटा बांधून झाला. गाडीचं छत बुटकं आहे, फेटा लागतो. मान डावीकडे कलती ठेवली की जमतं. निघतो.

३० नोव्हेंबर. जानेफळच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला

आधी तीसवर आली. मग वीसवर. मग लाल दिवा लागला. हा नवीन आहे. मग बंद. विसरायला वेळ दिला, पुन्हा चालू केली. नाही.

डीलरला फोन केला. घंटी वाजते, उचलत नाही. रविवार आहे, डॉक्टरसारखा तोही सुट्टीवर असेल.

हारांमुळे जाणारे-येणारे थांबतात. नवरदेव पाहायला आत वाकतात आणि मी दिसतो. एक दूधवाला म्हणाला, बसा मांगं काका, मेहकरले सोडतो. दोन कॅनच्या मधे. मी नाही म्हणालो. सजवलेली गाडी रस्त्यावर टाकून कसा जाऊ? वेळही भरपूर आहे.

पुष्पाचा फोन. कुठं हायेत? निघालोच आहे म्हणालो. ती म्हणाली, वरात दारात आली. मी सांगितलं, आली म्हणजे आता नाचतील.

पुन्हा फोन. ती म्हणते, कोणी नाचून नाई राह्यलं, बॅन्डच नाई आणला त्यायनं, नवरदेव पाटावर हाये. गोविंदा गेटपाशी उभा हाये, रस्त्याकडं पाहून राह्यला.

दूधवाला पुढच्या वस्तीवर थांबला होता, तिथून निघून दूर गेला. दिसेनासा झाला. त्याला हाक मारली होती. दोनदा.

१ डिसेंबर, सोमवार

लग्न साडेअकराला लागलं. बरोबर.

मला एका ट्रॅक्टरवाल्याने पोहोचवलं. फेटा हातात होता. मांडवात अक्षता सांडलेल्या, लोक पंगतीत. जेवण गरम होतं.

गेटजवळ गोविंदा पाहुण्यांना निरोप देत होता. येताना सांगायचं सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. पार्ट, जर्मनी, डीलर. त्याने गाडीचं विचारलंच नाही. म्हणाला, जेवून घे दादा, भाजी थंडी होऊन राह्यली. आणि दुसऱ्या पाहुण्याकडे वळला. रागावला असता तर बरं झालं असतं. रागाला उत्तर माझ्याजवळ होतं.

पुष्पाने नंतर सांगितलं. भटजींनी विचारलं, नवरीचा मामा कुठे आहे? गोविंदा गेटकडेच पाहत राहिला. मेहकरवाल्यांनी घड्याळ पाहिलं. आंतरपाट धरला गेला, मैत्रिणींनी अश्विनीला पाटावर आणलं, तिची मान खाली, मुंडावळ्या डोळ्यांवर. मागची जागा रिकामी. मग पुष्पा गेली आणि उभी राहिली. कुणाला विचारलं नाही.

गाडी अजून जानेफळच्या अलीकडे आहे. सकाळी जाऊन पाहिली. हार बकऱ्यांनी खाल्ले. कालच्या पाठवणीला मेहकरवाल्यांची साधी पांढरी गाडी होती, समोर एक झेंडूचा हार.

पाठवणीचं लिहायचं नव्हतं. लिहितो. अश्विनी सगळ्यांच्या पाया पडत माझ्याकडे आली. रडून डोळे सुजलेले. पाया पडली आणि म्हणाली, मोठे बाबा, सकाळपासून वाट पाहून राह्यली होती मी. मले वाटलं, तुम्ही आलेच नाई. मंग मांगून खांद्यावर हात ठेवला ना तुम्ही, तवा जिवात जीव आला. मले मान वळवता येत नव्हती, पण मी वळखलं.

पुष्पा माझ्या शेजारीच उभी होती. तिने अश्विनीच्या खांद्यावरचा पदर नीट केला.

मी हो म्हणालो.