भावोजींची क्लिप

प्रिय टिल्लू,

तुझ्या ऑफिसात या नावानं तुला कोणी हाक मारत नसेल, पण मी मारणार. फोन तू उचलत नाहीस. मेसेज केला की 'मीटिंगमध्ये आहे' असं उत्तर येतं. एवढ्या मीटिंगा तर मंत्र्यांनाही नसतात. म्हणून हे पत्र. न वाचता फाडायचं म्हटलं तरी हातात घ्यावं लागतं.

तुझे भावोजी अजून कोठडीतच आहेत. परवा भेटायला गेले, तर जाळीपलीकडून पहिला प्रश्न काय, की माझ्या हॉस्पिटलच्या मागच्या लिफ्टचं दार अजून घासतं का. मी हो म्हटलं, तर कपाळाला हात लावला. स्वतः आत बसलाय माणूस आणि जीव अडकलाय दारात! सोमवारी जामिनाची सुनावणी आहे. जामीन मिळाला नाही, तर खटला उभा राहीपर्यंत बाहेर येत नाहीत, आणि वकीलबाई म्हणतात की त्यात वर्ष कुठे जाईल कळणार नाही. धाकटीला मी सांगितलंय, बाबा बाहेरगावी कामाला गेलेत. ती शाळेतून सगळं ऐकून आलीय, पण माझं मन राखायला तीही बाहेरगावच म्हणते.

तुला बातमी माहीत आहेच, तुमच्याच चॅनेलनं सकाळपासून रात्रीपर्यंत दळली. तरी खरं काय झालं ते सांगते. त्या उंच इमारतीत वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात. त्यांच्या घरी दुपारी चोरी झाली. जिन्यात एक माणूस घाईघाईनं उतरताना त्यांना दिसला. काळा होता एवढं नक्की, बाकी नजर अधू. पोलिसांनी आपल्या आळीतली माणसं ओळीनं उभी केली आणि बाईंनी ह्यांच्याकडे बोट केलं. बोट करताना रडल्या, असं वकीलबाई सांगत होत्या. त्या खोटारड्या नाहीत रे. मला त्यांचा राग करायचाय, पण जमत नाही. हा चेहरा मी नक्की पाहिलाय, पुन्हा पुन्हा पाहिलाय, असं त्या म्हणाल्या, आणि ते शंभर टक्के खरं आहे. हे त्या इमारतीत कधी कामाला गेलेच नव्हते, तिथली लिफ्ट दुसऱ्या कंपनीकडे आहे. मग चेहरा पाहिला कुठे? वकीलबाईंनी त्यांच्या घरी जाऊन गप्पा मारल्या. टीव्ही चालूच होता. एकटीला सोबत म्हणून दिवसभर लावून ठेवते, म्हणाल्या. कोणतं चॅनेल ते तुला सांगायला नको.

तुझी नोकरीची सुरुवात आठवते? पहिल्या महिन्यातच तू हसत हसत घरी आला होतास. ताई, भावोजी आमच्या कॉम्प्युटरमध्ये आहेत, म्हणालास. कोर्टाची लिफ्ट मध्येच अडकली होती, आत माणसं घुसमटत होती, आणि हे पिशवी घेऊन धावले होते, त्या दिवसाचं चित्रण. गर्दीतून वाट काढायला दोन पोलीस ह्यांना दोन्ही दंडांना धरून आत घेऊन गेले होते. पायऱ्यांवर तुमचा कॅमेरावाला दुसऱ्याच कुठल्या खटल्यासाठी ताटकळत उभा होता, त्यानं वेळ जावा म्हणून ते टिपलं. माणसं सुखरूप बाहेर आली, म्हणजे बातमी झालीच नाही, आणि चित्रण तुमच्या भांडारात जाऊन पडलं. शोधायला सोपं जावं म्हणून त्यावर शब्द लिहून ठेवतात हेही तूच समजावलं होतंस. त्यावर लिहिलं होतं, काळा माणूस, पोलीस, कोर्ट. लिफ्ट हा शब्द कुठेच नव्हता. आपण सगळे पोट धरून हसलो. हे तर सगळ्यात जास्त हसले. टीव्हीवर यायचं तर निदान दाढी तरी केली असती, म्हणाले.

मग त्या हसण्याची फळं मिळायला लागली. गावात घर फुटलं, चोर सापडला नाही, दाखवायला चित्र नाही, की तुमच्याकडचा कोणीतरी शोधायला 'पोलीस' लिहिणार आणि तुझे भावोजी निघणार. दोन पोलिसांच्या मध्ये, मान खाली. मान खाली होती कारण पायऱ्या बघून चढत होते, पण ते कोण सांगणार? वर कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहायचं 'संग्रहित'. ते वाचायला माणूस टीव्हीला नाक लावून बसला पाहिजे. मी हॉस्पिटलच्या धोबीखान्यात आहे, पण चादरी द्यायला वॉर्डात जावं लागतं, आणि जाताना वाटेत मोठा टीव्ही आहे. किती वेळा नवरा पाहिला तिथे! नातेवाईक बाकावर बसलेले, आधी टीव्हीकडे बघणार, मग माझ्याकडे, मग मांडीवरची पर्स दुसऱ्या बाजूला घेणार. शेवटी मुकादमानं मला वॉर्डातलं काम बंद करून आत इस्त्रीला लावलं. वाईट वाटून घेऊ नका म्हणाला, लोक बोलतात. लोक बोलतात म्हणून मला लपवायचं, आणि ज्यांनी त्यांना बोलायला शिकवलं ते संध्याकाळी टाय लावून बातम्या देणार.

आणि तो डॉक्टरांचा मुलगा? त्यानं दागिन्यांचं दुकान फोडलं, तेव्हा काय दाखवलंत? फुटलेली काच दाखवलीत. दुकानाची पाटी दाखवलीत. मग त्याचा शाळेतला फोटो, गळ्यात पदक. गुणी मुलगा असा का भरकटला म्हणून तज्ज्ञांना बोलावून चर्चा झडली. ज्यानं खरंच चोरी केली त्याला बालपण मिळालं, आई मिळाली, मन मिळालं. आपल्या माणसाला दोन पोलीस मिळाले. आपले आजोबा समुद्रापलीकडून इथल्या बंदरावर हमालीला आले, तिथपासून आपण तीन पिढ्या इथे आहोत, तरी तुमच्या बातमीत चांगलं काम करताना आपला कुरळ्या केसांचा माणूस मी पाहिला नाही. पुराच्या वेळी आळीतल्या पोरांनी खांद्यावरून म्हाताऱ्या वाहून नेल्या, त्याला तुम्ही 'स्थानिक तरुण' म्हणालात. चोरी झाली की मात्र आम्ही 'वस्तीतले'.

हे सगळं बाहेरच्यांच्याच मनात भरलं असतं, तर दातओठ आवळून सहन केलं असतं. मागे धाकटीला घेऊन दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. लिफ्टमध्ये आपल्याच रंगाचा एक माणूस शिरला, हातात हत्यारांची पेटी, कुठेतरी नळ दुरुस्त करायला निघालेला. धाकटी सरकत सरकत माझ्या मागे गेली आणि माझं बोट घट्ट धरलं. स्वतःच्या बापाची लेक! त्याच्या ते लक्षात आलं. तो तिच्याकडे बघून हसला आणि पुढच्याच मजल्यावर उतरला. बटण त्यानं त्याहून वरच्या मजल्याचं दाबलं होतं, मी पाहिलं होतं. रागावलाही नाही रे तो, इतकं अंगवळणी पडलं होतं त्याच्या. घरी येऊन मी तिला ओरडले, आणि मग मलाच रडू फुटलं.

त्याच संध्याकाळी मी तुला फोन केला. तेव्हा तू उचलायचास. ती क्लिप काढून टाक, म्हटलं. तू म्हणालास, ताई, माझ्या एकट्याच्या हातात नाही, पण बघतो. दुसऱ्या दिवशी खरंच बदल झाला होता. तू ह्यांचं तोंड धूसर केलं होतंस. कातडीचा रंग तेवढा ठेवला होतास. तुला वाटलं, झालं काम, ताई खूश. अरे, तोंड होतं तोवर निदान एकटे तुझे भावोजी चोर होते. तोंड पुसल्यावर अख्खी आळी झाली. जो दिसेल तो तोच. आणि तोंड झाकलंय म्हणजे गुन्हेगारच असणार, हे तर पोरासोरांनाही कळतं. एका फोनसरशी एवढं करता आलं तुला, तर त्यावर खरी गोष्ट लिहिणं का जमलं नसतं? 'लिफ्ट दुरुस्त करायला आलेला कारागीर' असे पाच शब्द लिहायचे होते. तुझ्या हातात होतं. तू घाबरलास, एवढंच. तू आईच्या वळणावर गेलास, उजळ, सरळ केसांचा. तुझ्याकडे बघून कोणी पर्स सरकवत नाही. ते जपायचं होतं तुला.

म्हणून हे पत्र लिहितेय, आणि मनधरणी करायला लिहीत नाहीये. ती क्लिप कधीची, कुठली, आणि चॅनेलनं ती किती वेळा वापरली, हे कोर्टात शपथेवर सांगणारा माणूस वकीलबाईंना हवा होता. चॅनेलला त्यांनी रीतसर विचारलं, तर असं काही आमच्याकडे सापडत नाही असं उत्तर आलं. मग त्यांनी मला विचारलं, आतलं कोणी ओळखीचं आहे का. दोन दिवस मी नाही म्हटलं. तुझी नोकरी डोळ्यांपुढे येत होती, तुझ्या शिक्षणासाठी हे रविवारीसुद्धा लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचे तेही येत होतं. काल मी हो म्हटलं. तुझ्या दारावर तुझं आडनाव कापून अर्धं लावलेलं आहे, ते मी मागे आले तेव्हा पाहिलं होतं, आणि बेल न वाजवता परत गेले होते. वकीलबाईंना मी पूर्ण आडनाव दिलं, बाबांच्या नावासकट, आणि आळीचा पत्ताही दिला. समन्स बहुतेक उद्या तुझ्या ऑफिसातच येईल, सगळ्यांसमोर. सोमवारी पिंजऱ्यात उभं केल्यावर आरोपी तुमचा कोण, असं विचारतील. तेव्हा खालच्या आवाजात बोलू नकोस. बाहेर पायऱ्यांवर तुमचाच कॅमेरा असेल.

एवढं करूनही तुझीच,
ताई